मणी ओवला कुणी, केला कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ठाण्यातल्या हस्तनिर्मित दागिन्यांच्या प्रदर्शनावर अर्धं पान आलं आहे. फोटो छान आहेत. माझी तक्रार एका शब्दाबद्दल आहे आणि तो त्या अर्ध्या पानात अकरा वेळा आला आहे: ‘हँडमेड’. फोटोंतल्या तीन माळा मी आदल्याच दिवशी प्रदर्शनात हातात घेऊन, भिंग लावून पाहिल्या होत्या. त्यांतला एकही मणी हाताने केलेला नव्हता. माळा मात्र हाताने ओवलेल्या होत्या, आणि झकास ओवलेल्या होत्या. साडीला फॉल-पिको हाताने केला म्हणून ती साडी हातमागाची होत नाही, हे ठाण्यातली कुठलीही गृहिणी सांगेल. मण्याच्या बाबतीत मात्र आपण सगळेच गप्प बसतो.

मी कोण, ते सांगतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रसायनांच्या कारखान्यात मी ३४ वर्षं ग्लासब्लोअर, म्हणजे ज्योतीवर काच घडवणारा कारागीर, होतो. प्रयोगशाळेतले कंडेन्सर, फ्लास्क, स्टॉपकॉक बनवायचे आणि केमिस्ट मंडळींनी फोडलेले जोडून द्यायचे. दुसरं काम पहिल्यापेक्षा जास्त असायचं. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात. कोविड ओसरल्यावर आमच्या ऐरोलीच्या सोसायटीने वर्गणीतून घेतलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कमिटीच्या खोलीत धूळ खात पडला होता. सभेत रीतसर ठराव होऊन तो मी विकत घेतला. मिनिटाला ५ लिटर ऑक्सिजन देणारं ते यंत्र काच वितळवणाऱ्या एका लहान बर्नरला पुरतं. रबाळ्याला एका मित्राने आपल्या गाळ्यातला कोपरा दिला, आणि तेव्हापासून मी काचेचे मणी करतो. (गॅसचा सिलिंडर व्यावसायिक जोडणीचा आहे, हे कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतो.)

मणी होतो कसा, ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पटायचं नाही. पोलादी सळईच्या टोकाला मातीचा पातळ लेप द्यायचा, तो वाळू द्यायचा. डाव्या हातात सळई, उजव्या हातात काचेची कांडी. कांडीचं टोक ज्योतीत धरलं की आधी लाल होतं, मग काकवीसारखं लोंबायला लागतं. तो थेंब सळईला टेकवायचा आणि सळई फिरवत, रिळावर दोरा घ्यावा तशी काच तिच्यावर गुंडाळून घ्यायची. एकदा सुरुवात केली की फिरवणं थांबवायचं नाही. जरा थांबलात की मणी एका बाजूला पोट काढतो. तापलेल्या काचेतून सोडियमचा असा पिवळाधमक उजेड येतो की आतलं काही दिसत नाही. डिडिमियमचा चष्मा लावला की तो पिवळा पडदा बाजूला होतो आणि मणी दिसू लागतो. साधा, एकरंगी, बोराएवढा मणी व्हायला मला ६-७ मिनिटं लागतात. ठिपके, वेल असं काही घातलं की २० मिनिटंही कमी पडतात. मग तो सळईसकट भट्टीत. ५१० अंशांवर तासभर ठेवायचा आणि रात्रभर हळूहळू निवू द्यायचा. सकाळी पाण्यात भिजवून सळईवरून सोडवायचा आणि वेजातला, म्हणजे मण्याच्या भोकातला, लेप खरडून काढायचा.

हे निवू देणं किती महत्त्वाचं, ते मला चारचौघांत शिकावं लागलं. सुरुवातीला मी भट्टी घेतली नव्हती. गरम राखेच्या डब्यात मणी पुरायचो. जुने कारागीर राखेतच निववत आले, मग आपल्याला काय धाड भरली आहे, असा माझा हिशोब. लहान मण्यांना ते चाललं. पण पुतणीच्या लग्नासाठी केलेल्या हारातले मधले तीन मणी सुपारीएवढे होते. वरून गार झाले, आत ताण तसाच राहिला. हळदीच्या सकाळी तिने हार गळ्यात घातला, फोटोसाठी मान वर केली आणि मधला मणी टिचकी मारावी तसा आवाज करून दुभंगला. पाठोपाठ शेजारचा. कारखान्यात ‘ॲनील केल्याशिवाय (म्हणजे हळूहळू निववल्याशिवाय) भांडं द्यायचं नाही’ म्हणून पोरांवर ओरडणारा मी, हळदीच्या घरात काचा वेचत होतो. वहिनींनी अपशकुनाचं काही काढलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या महिन्यात भट्टी घेतली.

आता प्रदर्शनाकडे येतो. एका टेबलावर निळ्या मण्यांची तीनपदरी माळ होती, ६५० रुपये. टेबलामागची मुलगी पंचविशीची असेल. ‘‘काका, सगळं हँडमेड आहे. रात्री जागून मी स्वतः केलंय,’’ म्हणाली. मी खिशातलं भिंग काढलं. प्रत्येक मण्याच्या पोटावर वेजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी शीर होती. साच्याचे दोन भाग जिथे मिटतात तिथे ती उमटते. साच्यात दाबून काढलेली काच. तिला दाखवली. तिने भिंग डोळ्याला लावून दोन-तीन मणी पाहिले, आणि तिचा चेहरा असा उतरला की मला माझ्याच आगाऊपणाची लाज वाटली. भुलेश्वरला दुकानदाराने तिला लडी ‘हँडमेड’ म्हणूनच विकल्या होत्या. म्हणजे ती खोटं बोलत नव्हतीच. रात्री जागली होती, पदर सारखे उतरावेत म्हणून मणी मोजून घेतले होते, दोन मण्यांमध्ये गाठ होती. माळ मी विकत घेतली. ओवणीचे पैसे म्हणून ६५० रुपये काही जास्त नव्हते.

गुंडाळून केलेल्या मण्यात अशी शीर नसते. त्याच्या अंगावर वेजाभोवती फिरत गेलेल्या बारीक रेषा दिसतात आणि आत बुडबुडा अडकला असेल तर तोही वेजाभोवती ताणलेला असतो. ओढून केलेला मणी वेगळा. त्यात पोकळ काचेची लांब नळी ओढतात आणि तिचे तुकडे पाडतात, म्हणून रेषा आणि बुडबुडे वेजाला समांतर धावतात. मंगळसूत्राचे बारीक काळे मणी बहुतेक या जातीचे. पुद्दुचेरीजवळ अरिकामेडूला, जिथे १९४५ मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केलं, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी असेच ओढीव मणी होत होते, आणि तिरुपतीकडच्या पापनायडूपेट गावाने ती रीत आपल्या काळापर्यंत टिकवली. दोन्ही जातींचे मणी माझ्या संग्रहात आहेत. संग्रह म्हणजे शंकरपाळ्यांचे तीन जुने डबे. दिवाळीत त्यावरून घरात दरवर्षी भांडण होतं.

त्याच प्रदर्शनात दुसऱ्या टेबलावर ‘पैठणचा अकीक, २००० वर्षांची परंपरा’ अशी पाटी होती (अकीक म्हणजे ॲगेट, पट्ट्यांचा दगड) आणि खाली गर्द जांभळे आणि गुलाबी मणी. आपल्या वार्ताहरांनी ते ‘नैसर्गिक’ म्हणून छापले. परंपरा खरी आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वाटाड्यात पैठणहून गाड्या भरभरून असला पट्ट्यांचा दगड भडोचला जात असल्याचं लिहिलं आहे, आणि तेर, भोकरदनच्या उत्खननांत मण्यांचा खच निघाला आहे. आपला सगळा काळा कातळच अकीकाचं माहेर. लाव्हारसात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत तो थराथराने साठला. पण तो निघतो राखी, पांढरा, तपकिरी, फार तर लालसर किंवा फिकट निळा. फुशियाच्या फुलासारखा गुलाबी अकीक रंगाच्या बादलीतून येतो. दगड सच्छिद्र असतो, रंग पितो. भिंगातून पाहिलं तर बारीक तड्यांत आणि वेजाच्या तोंडाशी रंग जास्त गडद दिसतो. रंगवण्यात पाप काही नाही. काळा अकीक करायला दगड साखरेच्या पाण्यात भिजवून मग गंधकाम्लात टाकतात, आत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो. ही युक्ती समजली तेव्हा माझ्यातला कारखान्याचा माणूस खूश झाला होता. फक्त ‘रंगवलेला’ असं लिहा की.

दगडाचा मणी हाताने कसा होतो ते मी गुजरातेत खंभातला पाहिलं. जमिनीत लोखंडी टोकदार खुंटा रोवलेला. कारागीर दगडाची कड त्या टोकाला लावून धरतो आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने मारतो. हातोडा मऊ, खुंटा कठीण, त्यामुळे टवका उडतो तो खुंट्याच्या बाजूने. अशा शेकडो टिचक्यांनी ओबडधोबड मणी सुटतो. वेज पाडायला सामत्याच्या, म्हणजे छिद्र पाडायच्या हत्याराच्या, टोकाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवलेल्या, आणि तो धनुकलीने फिरवायचा. एका बाजूने निम्मं, मग उलटून दुसऱ्या बाजूने. दोन्ही वेजं मध्यात भेटतात तिथे किंचित पायरी राहते. सुई आत घालून पाहिली तर बोटाला कळते. लाल रंगासाठी दगड मडक्यात घालून शेणीच्या मंद आचेवर भाजतात, त्यातलं लोह तांबूस होतं. आणि या सगळ्यात दगड घासताना जी धूळ उडते ती छातीत बसते. सिलिकोसिसने खंभातचे कितीतरी अकीक कारागीर गेले आहेत. साच्यातल्या काचेला किंवा यंत्रावर छेदलेल्या दगडाला आपण ‘हँडमेड’ म्हणतो, तेव्हा त्या माणसाच्या मण्याला वेगळी किंमत मागायला शब्दच उरत नाही.

काचेच्या मण्यांचंही तेच. हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला घराघरांतून काचेचे मणी होतात. तिथल्या एका बाईने माझ्यासमोर, माझ्याशी बोलता बोलता, एका सळईवर ओळीने सहा मणी उतरवले, सहाही सारखे. मला एका वेळी एक जमतो, तोही गप्प बसून. तिच्याकडून आणलेल्या मण्यांत एक जरा तिरका आहे. तो मी विकणार नाही.

ओवण्याला मी कमी लेखतो, असा समज कुणी करून घेऊ नये. आईची पोत दर दोन-तीन वर्षांनी गाठवायला जायची. जांभळी नाक्याकडे एका सराफाच्या पायरीवर पटवेकरी बसायचे. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून, ओठात धागा धरून ते पोत गाठवत, आणि मी शाळेचं दप्तर घेऊन समोर उभा. एकदा आईचे दोन सोन्याचे मणी चेपले होते. ते त्यांनी मागच्या बाजूला, मानेशी घेतले आणि चांगले पुढे आणले. आईला सांगितलंही: ‘‘वहिनी, दोन मागे टाकलेत.’’ त्यांनी कधी म्हटलं नाही की मणी मी केला. मणी सोनाराचा, गाठ माझी, हे त्यांना आणि गिऱ्हाइकालाही ठाऊक असायचं.

एवढाच फरक पाट्यांवर आला तरी पुरे. हातमागाच्या कापडासाठी ‘हँडलूम मार्क’ २००६ साली आला, तो याच दुखण्यावर. सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. आठ आण्याच्या मण्यासाठी सरकारने शिक्का काढावा, असं मी म्हणत नाही. ठाणे-नवी मुंबईत प्रदर्शनं भरवणाऱ्या मंडळांनी टेबलाच्या अर्जात दोन ओळी वाढवाव्यात: मणी कुठून आणला, आणि तो हाताने घडवलेला, साच्यातला की यंत्रावरचा. दगड असेल तर रंगवलेला की नाही. ज्याने फक्त ओवलं त्याने ‘हाताने ओवलेलं’ लिहावं, मोठ्या अक्षरांत लिहावं. आणि आपल्या पुरवणीने ‘हँडमेड’ छापण्याआधी विचारावं, काय हँडमेड? मणी, गाठ की डबी?

आपल्या वार्ताहर ताईंना मणी होताना पाहायचा असेल तर रबाळ्याला अवश्य यावं. दहा पटींचं भिंग बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळतं. नसलं तरी माझं आहे. शुक्रवारी मात्र नको, त्या दिवशी गाळे बंद असतात. त्या निळ्या माळेवाल्या मुलीलाही मी नंबर दिला आहे. ती गेल्या बुधवारी येऊन गेली. पहिल्या मण्याने पोट काढलं, दुसरा सळईला चिकटून बसला, तिसरा भट्टीत गेला आहे.

आपला,
एक निवृत्त ग्लासब्लोअर,
ऐरोली, नवी मुंबई