फ्रॉनजवळच्या कालव्यावर भेटलेल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून काका. हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, ते मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी मी इतक्या वेळा ‘थँक यू’ म्हटलं की शेवटी तुम्हीच हात वर करून मला गप्प केलंत. राहिलेलं मराठीतच सांगतो. त्यातलं निम्मं तसंही बाबांच्या पाटबंधारे खात्याच्या भाषेतलं आहे.

सप्टेंबरातला शनिवार होता. वेल्समधल्या ट्रेव्हरच्या धक्क्यावरून आम्ही एका दिवसासाठी नॅरोबोट, म्हणजे कालव्यातली लांब, अरुंद बोट, भाड्याने घेतली होती. आई, बाबा, बायको, आठ वर्षांची लेक आणि चालक म्हणून मी. शिकवणी अर्ध्या तासाची: बोट डावीकडे न्यायची तर सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलायचा, समोरून कुणी आलं तर आपण उजव्या अंगाने जायचं. पहिल्या पाच मिनिटांत मी दोन्ही विसरलो आणि काठावरच्या झुडपात तोंड घालून आलो. आईने तेवढ्यात तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा सांभाळला.

धक्क्यातून बाहेर पडलं की लगेच पॉन्टकसुल्टेचा जलसेतू, म्हणजे कालवाच वाहून नेणारा पूल. 307 मीटर लांब, 38 मीटर उंच. ओतीव लोखंडाच्या पन्हळीतून बोट जाते. डाव्या हाताला पायवाट आणि कठडा, उजव्या हाताला मात्र काहीच नाही. पन्हळीची कड पाण्यापेक्षा चार बोटं वर, की पलीकडे थेट डी नदीचं खोरं. आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. बाबा उजव्या बाजूनेच वाकून खाली दगडी खांब मोजत होते. खांब 18, बांधकाम 1795 ते 1805, हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. नीरेच्या कालव्यांवर उभी नोकरी काढलेला माणूस. आमच्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते आणि टीव्हीचा आवाज कमी करा, यापलीकडे ते फारसं बोलले नव्हते.

पुढे फ्रॉन गाव मागे पडलं. दोन्हीकडे झाडी आणि आमचा वेग असा की एक आजीबाई कुत्रा घेऊन चालत आम्हाला मागे टाकून गेल्या. बाबांनी घड्याळ पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा मागितला. मला वाटतं, तेव्हापासून त्यांना तो दिवस आवडायला लागला.

आणि मग शाल पडली. बाबांच्या निवृत्तीच्या सत्कारात मिळालेली, जरीकाठाची, नारळाबरोबरची. गार वाटतं म्हणून आईने घेतली होती, ऊन आलं तशी काढून मागच्या कठड्यावर टाकली. वाऱ्याने ती पाण्यात गेली आणि मी, शहाणा, बोट थांबवायला गिअर मागे टाकला. बोटीखालच्या पंख्याने शाल अख्खी ओढून घेतली. इंजिन दोनदा घरघरलं आणि बंद. बोट आडवी होऊन संथपणे निम्मा कालवा अडवून बसली.

तुम्ही पन्नास-साठ पावलांवर तुमच्या हिरव्या बोटीच्या टपावर कुंड्यांना पाणी घालत होता. धावत आला नाहीत, हे मला फार आवडलं. झारी खाली ठेवलीत, हातोडा आणि दोन लोखंडी खुंटे घेतलेत आणि चालत आलात. दोर मागितलात, बोट काठाला ओढून बांधलीत. मग इंजिनची किल्ली काढून माझ्याकडे न देता आईच्या हातात दिलीत. माझ्यावरचा तुमचा विश्वास तेवढ्यात कळला! आईने ती कमरेला खोचली आणि ती जागची हलली नाही. कुणी चुकून इंजिन चालू केलं तर पाण्यात असलेल्या हाताचं काय होईल, हे तिला भाषा न येताही समजलं होतं.

मागच्या फळीखालचं झाकण उघडून तुम्ही खांद्यापर्यंत हात त्या गार पाण्यात घातलात. पाव कापायच्या दातेरी सुरीने पाऊण तास शाल कापत होता. चिंध्या एकेक करून बाहेर येत होत्या आणि जरीची प्रत्येक पट्टी तुम्ही पिळून टपावर नीट पसरून ठेवत होता. ती साधी शाल नाही, हे आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं. शेवटी झाकण लावलंत आणि स्क्रू घट्ट आहे का, ते माझ्याकडून दोनदा तपासून घेतलंत. ते सैल राहिलं तर पाणी आत येऊन बोट बुडते, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मी तिसऱ्यांदाही तपासलं.

पण आभार मुख्यतः त्यानंतरच्या तासाबद्दल आहेत. चहा घेताना बाबांनी त्यांच्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, पाणी वाहतंय कसं? बोटींच्या कालव्यात पाणी स्थिर असतं ना? तुम्ही बसल्या जागी सावरून बसलात. डी नदीवर हॉर्सशू फॉल्सचा बंधारा आहे, तिथून पाणी उचललंय आणि ते थेट हर्लस्टनच्या तलावात पिण्यासाठी जातं, हे सांगितलंत. 1944 मध्ये हा कालवा बोटींसाठी कायद्याने बंद झाला होता. पण पाणी पुढे न्यायचंच होतं म्हणून बुजवला नाही आणि म्हणून आज आम्ही त्यावर शाली पाडू शकतो. बाबा म्हणाले, “म्हणजे पाण्याने वाचवला.” मी भाषांतर केलं. तुम्ही टाळी दिलीत.

मग बिलाच्या पाठीवर दोघांनी आकृत्या काढल्या. तुमची चिकणमाती, आमची धरणाच्या गाभ्यातली काळी माती. दोन्ही खुंदून, कुटून पाझर थांबवायचा. जलसेतूच्या तळाला बूच आहे, दोन्ही टोकांना फळ्या टाकून ते उपसलं की सगळं पाणी खाली नदीत, हे ऐकून बाबा लहान मुलासारखे हसले. आवर्तन, चारी, पाटकरी हे शब्द मला इंग्रजीत सांगताच आले नाहीत. तुम्हाला त्यांची गरजही पडली नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पुऱ्या मात्र सहा खाल्ल्यात, आई अजून मोजून सांगते. तुमच्यामुळे आम्ही चर्कचा बोगदाही पाहिला, तिथल्या दुसऱ्या जलसेतूवरून इंग्लंडात जाऊन आलो आणि प्रवाहाविरुद्ध रखडत अंधारायच्या आत धक्क्याला लागलो. येताना तुमच्या खिडकीत दिवा होता, म्हणून हाक मारली नाही.

बाबा आता गावी परतलेत. फोनवर त्यांचा एक प्रश्न उरलाय, तो जसाच्या तसा देतो: हिवाळ्यात दुरुस्तीसाठी कालवा कोरडा करता, तेव्हा काढलेला गाळ टाकता कुठे? आमच्याकडे शेतकरी ट्रॉल्या भरून नेतात.

तुमचा,
शालवाला