आबांची दुनळी आणि सत्तरची काडतुसं

कोल्हापूर,
४ डिसेंबर

प्रिय सुन्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, कारण उजवा खांदा आठवडाभर वर उचलत नव्हता. कारण सांगतो, पण घरी आलास की आईसमोर हसू नकोस.

आबांची विलायती दुनळी तुला आठवतच असेल. सुट्टीत राधानगरीच्या रानात तिला नुसता हात लावला म्हणून आपण दोघांनी मार खाल्ला होता. आबा गेल्यावर परवाना माझ्या नावावर व्हायला कलेक्टर कचेरीचे किती उंबरे झिजवले ते वेगळं पुराण आहे. मग निवडणूक आली, बंदूक ठाण्यात जमा. परत मिळाली तोवर उसात रानडुकरं शिरलेली. हवेत एक बार काढला तरी पळतात, म्हणून काडतुसं आणायला शहरातल्या एका दुकानात गेलो.

"बाराबोरची द्या, पंचवीस."

"सत्तरची चालतील न्हवं?"

मला वाटलं भाव सांगतोय. सत्तर रुपयाला एक म्हणजे ठीकच की! म्हटलं, "चालतील." त्यानं परवान्यावर नोंद केली, बिल पुढं सरकवलं. बिलातला आकडा भलताच होता, पण तिथं पुन्हा विचारलं तर आबांचा मुलगा अडाणी दिसेल ना! गप पैसे मोजले.

रात्री तुकाप्पाला घेऊन बांधावर गेलो. काडतूस अगदी अलगद बसलं, कुठं अडलं नाही की टोचलं नाही. आभाळाकडं बार काढला आणि लेका, खांद्यावर गाढवानं लाथ मारावी तसा धक्का. बंदूक उघडेना. कशीबशी उघडली तर रिकामं नळकांडं आत घट्ट रुतलेलं, तोंडाशी फाटलेलं. तुकाप्पा एवढंच म्हणाला, "आबांचा बार असा वाजत न्हवता."

दुसऱ्या दिवशी आबांच्या ट्रंकेत त्यांची जुनी रिकामी नळकांडी सापडली. पोरीच्या कंपासमधली पट्टी घेऊन बसलो. आबांची ६५ मिलिमीटर, माझं ७०. दुकानदार भाव नाही, लांबी विचारत होता!

मग बंदुकीचं पुढचं लाकूड काढून नळ्या पालथ्या केल्या. खालच्या सपाट भागावर बारीक ठसा, २½. म्हणजे अडीच इंची चेंबर, काडतूस बसायची जागा. माझी काडतुसं पावणेतीन इंची. आणि ती आत बसतात हीच खरी दगलबाजी आहे. न उडालेल्या काडतुसाचं तोंड घडी घालून मिटलेलं असतं, त्यामुळं ते आखूड असतं. डब्यावरचे सत्तर ही उडाल्यानंतरची, घडी उलगडल्यावरची लांबी. आबांच्या बंदुकीत ती घडी उलगडते नेमकी चेंबर संपून नळी निमुळती होते तिथं. छर्ऱ्यांची वाटच आवळली जाते आणि मागं दाब वाढतो. नळी जुनी, मी नवा. थोडक्यात वाचलो.

'बारा' हा आकडा लांबीचा नव्हेच, हे मला या वयात कळलं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर एका गोळीची जी जाडी तो बाराबोर. म्हणून वीसबोरची नळी बारापेक्षा अरुंद. तिचं काडतूस चुकून बाराच्या बंदुकीत गेलं तर घसरून पुढं नळीत अडकतं, मागं बाराचं बसतं आणि तो बार नळी फोडतो. तसली चूक करायची बुद्धी झाली नाही, हेच नशीब. स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं, ते कांबळवाडीचं पोरगं आमच्याच तालुक्यातलं. आणि आम्हाला डब्यावरचा आकडा वाचता येत नाही!

दुकानदार डबा परत घेईना. "मी विचारलं हुतं की," म्हणाला. खरं आहे, भांडायला तोंडच उरलं नाही. बंदूक आता दुरुस्तीवाल्याकडं आहे, नळीला तडा गेलाय का ते बघून सांगणार आहे. चोवीस काडतुसं कुलपात पडून आहेत. डब्यावर खडकीच्या कारखान्याचं नाव आहे, म्हणजे तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर बनलेली. वर ७० मोठ्या अक्षरात छापलंय, चष्म्याशिवायही दिसतं.

सध्या तुकाप्पा रात्री रॉकेलचा रिकामा डबा बडवतो. डुकरं तेवढ्यानंही पळतात.

वहिनींना नमस्कार. संक्रांतीला ये.

तुझाच,
बाळू