तात्पुरते म्हणजे किती वर्षे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील 'टीपीएस'धारकांविषयीची (टेम्पररी प्रोटेक्टेड स्टेटस, म्हणजे संकटग्रस्त देशांतील लोकांना मिळणारे तात्पुरते संरक्षण) आपल्या अंकातील बातमी वाचली. वर्षानुवर्षे असे 'तात्पुरते' राहिलेल्यांना कायम राहू द्यावे का, हा त्यातला प्रश्न. भारतीय या योजनेत येत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे अमेरिकेची चर्चा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि ग्रीन कार्डच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, रांगेवरच थांबते. पण हा प्रश्न आपल्याही दारातला आहे, म्हणून हे पत्र.

युद्ध, भूकंप, वादळ यांमुळे मायदेशी परतणे धोक्याचे झालेल्यांना १९९० च्या कायद्याने अमेरिकेत सहा ते अठरा महिने राहण्याची आणि काम करण्याची मुभा मिळते. मुदत सरकारला वाढवता येते. 'मिच' चक्रीवादळानंतर १९९९ मध्ये होंडुरास आणि निकाराग्वाच्या लोकांना ती मिळाली, भूकंपांनंतर २००१ मध्ये एल साल्वादोरच्या. मग मुदतवाढ, पुन्हा मुदतवाढ, असे करत दोन दशके उलटली. मुले तिथेच जन्मली, ती जन्मानेच अमेरिकी नागरिक. आईवडील मात्र मुदतीच्या कागदावरच राहिले. हा कागद कितीही वर्षे जवळ असला तरी त्यातून कायम वास्तव्याचा हक्क मिळत नाही. नागरिक जोडीदार किंवा मालकामार्फत अर्ज करावा, तर मूळ प्रवेश विनापरवाना झालेल्यांना केवळ टीपीएसच्या आधारे देशात राहून ग्रीन कार्ड घेता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये एकमताने दिला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने टीपीएसधारकांना कायम वास्तव्याची वाट खुली करणारे विधेयक मंजूर केले होते, ते सिनेटमध्ये अडले. आणि २०२५ मध्ये होंडुरास व निकाराग्वाचे संरक्षण संपवत असल्याची घोषणा झाली. पंचविशी उलटून गेल्यावर!

तात्पुरत्याचे कायम केले तर उद्या कोणतेही सरकार आसरा देताना कचरेल, असे म्हणतात. हा आक्षेप मला पटत नाही. परतणे सुरक्षित झाले होते, तर मुदत तेव्हाच संपवायची होती. सरकार स्वतःच वर्षानुवर्षे 'अजून सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर त्या माणसाने आयुष्य कुठे उभे करायचे? इच्छा असली की मार्ग निघतो. लायबेरियाच्या लोकांसाठी अमेरिकी काँग्रेसनेच डिसेंबर २०१९ मध्ये तसा कायदा केला. ऑस्ट्रेलियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये तात्पुरत्या संरक्षण व्हिसावरील हजारो जणांना कायम वास्तव्याची वाट खुली केली.

आपण तर हे फार आधी केले आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी कुटुंबांतून उल्हासनगर उभे राहिले. मी राहते त्या मुलुंडमध्येही अशी कितीतरी घरे वसली. त्यांना दर अठरा महिन्यांनी कोणी प्रश्न विचारला नाही. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेले आपोआप नागरिक आणि त्यानंतर आलेल्यांनी सहा महिने राहून नोंदणी करायची, असे घटनेच्या कलम ६ मध्येच लिहिले गेले. तारीख ठरलेली, अट ठरलेली.

आज मात्र आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. १९८३ पासून आलेल्या श्रीलंकन तमिळांपैकी अनेक जण अजून तमिळनाडूतील छावण्यांत आहेत, त्यांच्या मुलांना तिथेच मुले झाली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान हे तीनच देश आहेत, श्रीलंका नाही. चाळीस वर्षांनंतरही कोणाला 'तात्पुरता' म्हणणे हे मला अन्यायाचे वाटते, देश कोणताही असो.

शशी थरूर यांनी २०१५ मध्ये आश्रयाविषयी खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते, ते मंजूर झाले नाही. मुंबईच्या सहा खासदारांपैकी कोणीतरी हा विषय पुन्हा हाती घ्यावा. पाच वर्षे सलग संरक्षणात राहिलेल्याला, गुन्ह्याची नोंद नसल्यास, कायम वास्तव्यासाठी अर्ज करता यावा आणि त्यावर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय मिळावा, एवढी तरतूद तरी कायद्यात हवी. आपल्या दैनिकानेही या सहा जणांना त्यांची भूमिका विचारून ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक
मुलुंड (पश्चिम), मुंबई