कॅल्क्युलस पोटात कसा शिरला?

फोंडा, गोवा

प्रिय सुधीर,

सोनोग्राफीच्या रिपोर्टचा फोटो मिळाला. ‘उजव्या मूत्रपिंडात कॅल्क्युलस’ वाचून तू विचारतोस, बारावीला गणितात छळलेला तो पोटात कसा शिरला! अरे, शब्द एकच. लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीक खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करायचे, म्हणून हिशेबालाही तेच नाव चिकटलं. डॉक्टर सांगतील तेवढं पाणी पी, आळस करू नकोस.

तुझ्या सायनसची कथा तर याहून भारी. आर्यभटाचा (जन्म ४७६) शब्द ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, त्याची दोन टोकं जोडणारी रेघ ही दोरी. ज्या म्हणजेच जीवा; अरबांनी तिचं ‘जिबा’ केलं. अरबी लिखाणात बरेच स्वर गाळतात, त्यामुळे बाराव्या शतकात लॅटिन भाषांतर करताना ते ‘जैब’ वाचलं गेलं. जैब म्हणजे अंगरख्याची छातीवरची घडी. तिला लॅटिनमध्ये म्हणतात सायनस! त्रिकोणमितीतला साइन तिथूनच आला आणि तुझ्या नाकाजवळच्या पोकळीचं नावही. हिंदीतली ‘जेब’सुद्धा ह्याच घरातली. पाठ्यपुस्तकं ह्यातलं काही सांगत नाहीत. नुसती व्याख्या तोंडावर फेकतात. वर्गात शिकवताना मला ह्याचा रागच येतो.

माझा लाडका शब्द मात्र सर्ड. दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येत नाही. अशा संख्येला ग्रीक ‘अलोगोस’ म्हणत: गुणोत्तर नसलेली, आणि मुकीसुद्धा. अरबांनी तिला बहिरी केलं, ‘असम्म’. लॅटिनमध्ये झालं सुर्दुस, म्हणजे बहिराच; त्याचाच पुढे सर्ड झाला, आणि पोर्तुगीजमध्ये सुर्दु. शेजारचे आजोबा पोर्तुगीज काळात पणजीला शिकलेले. त्यांना हे सांगितलं तर कानातलं यंत्र चाचपत म्हणाले, “म्हणजे मीही सुर्दु, तुमचं वर्गमूळही सुर्दु!”

मग गाडी अल्जिब्रावर गेली. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मीने समीकरणांवर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात ‘अल-जब्र’ होतं. म्हणजे मोडलेलं सांधणं: वजा केलेलं पद पलीकडे नेऊन समीकरण भरून काढायचं. जुन्या पोर्तुगीजमध्ये हाडवैद्यालाही ‘अल्जेब्रिस्ता’च म्हणत. अल्गोरिदम हा शब्द तर ख्वारिझ्मीच्या नावावरूनच पडला, आणि पोर्तुगीजमध्ये साध्या अंकाला म्हणतात ‘अल्गारिस्मो’. म्हणजे आजोबा लहानपणी पाटीवर एक-दोन गिरवत होते, तेव्हाही त्याचंच नाव घेत होते.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय