स्वॅबचं बिल आणि रिकामी बाटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या नणंदेच्या यजमानांना एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत हलवलं. बिलात नाकाच्या आणि गुदद्वाराच्या स्वॅबचे पैसे वेगळे लावलेले. भाचा भडकला, ‘ही निव्वळ लुटालूट.’ मी सरकारी रुग्णालयात तीस वर्षं सिस्टर होते. म्हटलं, अरे, औषधांना न जुमानणारे जंतू पेशंटने बरोबर आणलेत का, ते बघतात त्यात.

रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला, पॉझिटिव्ह. कॉटला पाटी लागली आणि सलाइनच्या स्टँडवर एक गाऊन टांगला गेला. तोच चढवून सकाळभर तिघंचौघं आत-बाहेर. कॉटच्या कडेची हॅन्डरबची (हातावर चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली दाबली, तर नुसती हवा आली. मग भाच्यापुढे मी गप्पच बसले.

नुसत्या स्वॅबने भागत नाही, हा धडा इंग्लंडने पैसे मोजून घेतला. तिथे २००९ मध्ये ठरवून दाखल होणाऱ्यांचा आणि २०१० अखेरपासून इमर्जन्सीत येणाऱ्यांचाही एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूसाठी स्वॅब सक्तीचा झाला. शंभरात जेमतेम दीड जण सापडायचे, आणि सापडले तरी वेगळी खोली मिळेलच असं नाही. खर्च परवडेना, म्हणून २०१४ मध्ये जोखमीच्या पेशंटपुरतंच ठेवा, असं ठरलं. अमेरिकेत ७४ आयसीयूंच्या अभ्यासात एका गटाने स्वॅबच्या भानगडीत न पडता सगळ्यांनाच रोज क्लोरहेक्झिडीन या जंतुनाशकाने पुसून काढलं, नाकात मलम लावलं. २०१३ मध्ये निष्कर्ष आला, त्या गटात रक्तातला जंतुसंसर्ग ४४ टक्क्यांनी घटला. (स्पंजिंग आम्हीही करायचो, पण ज्या दिवशी ड्युटीवर पुरेशा जणी असतील त्या दिवशी.)

म्हणून स्वॅब बंदच करा, असं मात्र नाही. आपल्याकडे खरी डोकेदुखी कार्बापेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद न देणाऱ्या क्लेब्सिएला या जंतूची. तो आतड्यात दडतो, अंग पुसून जात नाही. केमोथेरपीचा, ट्रान्सप्लान्टचा किंवा दुसऱ्या आयसीयूतून आलेला पेशंट असेल तर स्वॅब घ्यावाच. ताप चढल्यावर कोणतं औषध सुरू करायचं, ते ठरवायला रिपोर्ट कामी येतो.

रुग्णालयांनी स्वॅबचा दर फलकावर जरूर लावावा. शेजारी महिन्याला हॅन्डरब किती लिटर लागला, तेही लावावं. जागतिक आरोग्य संघटना हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस राहिला की एक रुग्णदिवस) किमान २० लिटर धरते. आमच्या कॉटची बाटली मी दोनदा सांगितल्यावर संध्याकाळी बदलली.

– एक निवृत्त परिसेविका, सांगली