झोपायला जागा हवी, लॉज नको

संपादक महोदय,

सुट्टीत आम्ही चौघं स्वारगेटहून एसटीनं फिरायला निघालो, बजेट अगदीच कमी, पण १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालंय त्यामुळे मी आणि मुलगी मिळून एकाच तिकिटात बसलो, खरंच मोठा आधार आहे हा. जेवणाचं टेन्शन नव्हतंच, दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी, आणि शेगावला दुपारी महाप्रसाद पोटभर मिळाला. पोरांची करमणूक म्हणजे पत्त्यांचा कॅट आणि गावांच्या नावांच्या भेंड्या, मोबाईल आठवलासुद्धा नाही!

अडलं ते झोपेचं. परतताना एका स्टँडवर रात्री दीड ते पहाटे पाच थांबायचं होतं, बाकड्यांना मधेमधे लोखंडी दांडे, आडवं होताच येत नाही, म्हणून फरशीवर चादर टाकून पोराला बॅगेवर डोकं ठेवून निजवलं तर दोनदा उठवलं आम्हाला. साडेतीन तासांसाठी लॉज कोण घेणार हो?

आपल्याच पुण्यात पालख्या येतात तेव्हा भवानी पेठ, नाना पेठेत लोक वारकऱ्यांना घरात झोपायला जागा देतात. मग मोठ्या स्टँडवर तिकीट दाखवून पाठ टेकता येईल असा एक हॉल, स्वच्छ संडास आणि प्यायचं पाणी एवढं तरी करा, वीस-तीस रुपये घेतले तरी आम्ही आनंदानं देऊ.

– एक प्रवासी, पुणे