आधी आरोग्यमित्र, मग क्यूआर कोड

संपादक महोदय,

‘वडिलांना कॅन्सर, पाच लाखांची गरज, फूल ना फुलाची पाकळी द्या’ आणि खाली क्यूआर कोड. नागपुरातल्या ग्रुपवर असे संदेश येतच असतात. पण बरेचदा वर्गणी सुरू होते तेव्हा सरकारी आरोग्य योजनेचा साधा अर्जही झालेला नसतो, आणि बिल भरून झाल्यावर योजना मागे जाऊन पैसे देत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. आता पांढरी शिधापत्रिकाही चालते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णाला मदत करणाऱ्याचे, टेबल असते. भरती होण्याआधी शिधापत्रिका, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन तिथे जावे. योजनेच्या मंजुरीचा प्रस्ताव अडतो तो बहुतेक नावावर. लग्नाला पंधरा वर्षे झाली तरी बाईचे नाव माहेरच्याच कार्डात असते, किंवा आधारवर ‘रामभाऊ’ आणि शिधापत्रिकेवर ‘रामराव’. ही दुरुस्ती निदान झाल्या दिवशीच हाती घ्यावी. केमो दर 21 दिवसांनी ठरली की कार्यालयाच्या चकरा मारायला उसंत मिळत नाही. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाट, सिवनीहून येणाऱ्यांना फुले योजना लागू नाही, पण त्यांचे केंद्राच्या आयुष्मान योजनेचे कार्ड त्या योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात इथेही चालते. ते घरी ठेवून येऊ नये.

मुख्यमंत्री सहायता निधीला उपचारखर्चाचे अंदाजपत्रक लागते. खासगी रुग्णालयाचे असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेले. सोबत तहसीलदारांचा चालू वर्षाचा, 1.60 लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते, सुटी झाल्यावर अर्ज करून उपयोग नाही. धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के सवलतीत राखीव असतात. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे 1.80 आणि 3.60 लाख. तिथे वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. बिलिंगच्या खिडकीवर ही माहिती कुणी आपणहून देईलच असे नाही.

एवढे करूनही उरतो तो खर्च वर्गणीचा. योजनेच्या पॅकेजमध्ये न बसणारी औषधे, मंजुरीआधीच्या तपासण्या आणि मुख्य म्हणजे मुक्काम. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, अनेकदा पाच-सहा आठवडे चालते. गडचिरोलीच्या कुटुंबाला 40 दिवस खोली, जेवण आणि ऑटोला रोज 600 रुपये धरले तरी 24 हजार होतात, शिवाय सोबत्याची मजुरी बुडते ती वेगळीच. आवाहनात गोल ‘पाच लाख’ लिहिण्याऐवजी हाच हिशेब मांडला तर देणाऱ्याचा हात आखडत नाही.

खाते कोणते आहे तेही बघावे. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या ‘छोट्या खात्यात’ वर्षभरात 1 लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक 50 हजारांवर जाऊ शकत नाही. नेमके गरजेच्या वेळी खाते अडकते. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण 50 हजारांवर मिळालेली रक्कम आयकराच्या दृष्टीने उत्पन्न ठरते, म्हणून मोठी मदत नोंदणीकृत न्यासामार्फत रुग्णालयाकडे जाणे बरे. ऑनलाइन निधीसंकलन करायचे तर संकेतस्थळ स्वतःचे शुल्क, पेमेंटचा खर्च आणि जाहिरातीचे पैसे किती कापणार, हे आधी लेखी विचारावे.

आवाहनावर तारीख नसली तर रुग्ण गेल्यावरही ते महिनोन्महिने फिरत राहते. फोटो तोच ठेवून खालचा क्यूआर बदलणे तर कुणालाही जमते. देणाऱ्यांनी शक्यतो रुग्णालयाच्या काउंटरवर, रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर पैसे भरून पावती घ्यावी. पानठेल्यावर मुखकर्करोगाच्या रुग्णासाठी डबा ठेवायचा आणि शेजारीच तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे, यावर तर काय बोलावे!

आपल्या दैनिकात मदतीचे आवाहन छापताना अंदाजपत्रकाची तारीख, रुग्णालयाचा खाते क्रमांक आणि योजनेचा अर्ज केला की नाही, एवढ्या तीन ओळी सक्तीच्या कराव्यात, ही विनंती.

— रुग्णसाहाय्याचे काम करणारे काही वाचक, मानेवाडा रोड, नागपूर